‘काका’ कुणाचा कोण? एकाच शब्दाचा माग अनेक भाषांत कसा काढायचा

माझी पुतणी अडीच वर्षांची असताना हेलसिंकीच्या एका पाळणाघरात जायला लागली. एका शुक्रवारी तिला आणायला मी जाणार होतो, म्हणून ती सकाळपासून “काका, काका” असा घोष करत होती. तिथल्या बाई दर वेळी तिला प्रेमाने उचलून बाथरूममध्ये नेऊन बसवायच्या. तिसऱ्या खेपेला पोर रडायला लागली. मी पोचलो तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा “काका!” म्हटलं, आणि बाईंच्या चेहऱ्यावर सगळा उलगडा झाला. फिनिश मुलांना शी आली की ती जवळजवळ हाच शब्द म्हणतात. बाईंनी आपलं काम चोख केलं होतं, आणि पुतणीनेही.

घरी जाताना एका बेकरीत शिरलो. हेलसिंकीत पाट्या दोन भाषांत असतात. फिनिशमध्ये लिहिलं होतं ‘काक्कू’, त्याखाली स्वीडिशमध्ये ‘काका’. दोन्हींचा अर्थ केक. त्या पावतीच्या मागे मी ज्या नोंदी सुरू केल्या, त्यांचीच पुढे वही झाली. त्या वहीतून जी पद्धत हाताला लागली ती इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण ‘काका’चंच ठेवतो, कारण शब्दाच्या उगमाचे बहुतेक सगळे प्रकार या दोन अक्षरांत भेटतात.

पहिली पायरी: शब्द कानाने लिहून घ्या

परक्या भाषेतला शब्द देवनागरीत उतरवताना आपण नकळत त्याला मराठी करून टाकतो. मग दोन वेगळे शब्द कागदावर एकसारखे दिसायला लागतात. म्हणून आधी उच्चार तपासा. कोणता स्वर दीर्घ आहे? व्यंजन एकेरी की दुहेरी? जोर कुठे पडतो?

फिनिशमधला शीसाठीचा शब्द नीट ऐकला तर दोन्ही ‘अ’ आखूड असतात, तोंड उघडून म्हटलेले, आणि मधला ‘क’ दुहेरी. स्वीडिश केकमध्ये पहिला स्वर लांब आणि ‘क’ एकेरी. आपल्या काकांत दोन्ही ‘आ’ दीर्घ. फिनिशमध्ये हा फरक बारीकसारीक नाही. ‘तुली’ म्हणजे आग, ‘तूली’ म्हणजे वारा, आणि ‘तुल्ली’ म्हणजे जकात. मलय भाषेत थोरल्या बहिणीला किंवा भावंडाला ‘काकाक्’ म्हणतात. त्यातला शेवटचा ‘क’ घशातच अडवतात, म्हणून आपल्या कानाला ‘काका’ ऐकू येतं. ब्राझीलच्या काका या फुटबॉलपटूच्या नावात जोर दुसऱ्या ‘का’वर आहे. स्पॅनिशमध्ये शीसाठीच्या शब्दात तो पहिल्या ‘का’वर असतो.

वहीत प्रत्येक शब्दासाठी सहा रकाने आखा: उच्चार, अर्थ, कोण कुणाला म्हणतं, भाषाकुल, सर्वांत जुनी नोंद, आणि शब्द कोणत्या वाटेने आला असेल. तिसरा रकाना बहुतेक जण सोडून देतात. पुढे तोच सर्वांत कामी येतो.

दुसरी पायरी: अर्थ पूर्ण लिहा, एका शब्दात उरकू नका

‘काका म्हणजे वडिलांचा भाऊ’ एवढं लिहून भागत नाही. मराठीत मावशीचा नवराही काका, शेजारचे गृहस्थही काका, शाळेची व्हॅन चालवणारेही काका. ‘साहेब’ जोडलं की तेच मानाचं नाव होतं: काकासाहेब गाडगीळ, काकासाहेब कालेलकर. आणि शनिवारवाड्याशी जोडलेली ‘काका, मला वाचवा!’ ही हाक तर मराठी माणसाच्या मनात कायमची कोरलेली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्या हाकेतले काका होते रघुनाथराव. ज्याच्याकडे आसऱ्याला धावावं तो वडीलधारा, हा भाव शब्दात होता म्हणूनच ती हाक इतकी चटका लावते.

आता पंजाबीकडे वळा. तिथे ‘काका’ म्हणजे लहान मुलगा, आणि ‘काकी’ म्हणजे लहान मुलगी. राजेश खन्नांना सगळे ‘काका’ म्हणत. मराठी प्रेक्षकाला ते चुलत्याच्या नात्याचं वाटे, पण ते पंजाबी घरातलं लाडाचं नाव होतं. गिरगावात वाढलेल्या खन्नांना त्याच हाकेने शेजारचं मराठी घर एका अर्थाने आणि स्वतःचं घर दुसऱ्या अर्थाने बोलावू शकलं असतं.

बाकीचे अर्थ भराभर लिहून टाकतो. कुर्दीत ‘काक’ किंवा ‘काका’ म्हणजे थोरला भाऊ, आणि पुरुषाला मानाने हाक मारायचीही तीच रीत. फारसीत जुना अर्थ थोरला भाऊ. अफगाणिस्तानातल्या दरी फारसीत आणि पश्तोत मात्र आपल्यासारखाच वडिलांचा भाऊ. स्वाहिलीत भाऊ. जपानीत ‘काका’ हा आईसाठी लहान मुलांचा जुना शब्द. संस्कृतात ‘काक’ म्हणजे कावळा, तमिळ-मल्याळममध्ये ‘काक्का’ म्हणजेही कावळा. मलबारच्या मापिळ्ळा मुसलमानांत थोरल्या भावालाही ‘काक्का’ म्हणतात, म्हणजे एकाच भाषेत दोन्ही अर्थ नांदतात. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘काका’ हा एक मोठा पोपट आहे. माओरीत ‘पो’ म्हणजे रात्र, म्हणून रात्री फिरणारा, उडता न येणारा पोपट तो ‘काकापो’.

तिसरी पायरी: भाषांची कुळं मांडा

मराठी, पंजाबी, फारसी, कुर्दी, पश्तो, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि स्वीडिश या सगळ्या इंडो-युरोपीय. फिनिश आणि हंगेरियन उरालिक. तमिळ, मल्याळम द्राविडी. स्वाहिली बांटू. मलय आणि माओरी ऑस्ट्रोनेशियन. जपानी या सगळ्यांपासून वेगळी.

कूळ एक असलं म्हणून शब्द एक होत नाही आणि कूळ वेगळं असलं म्हणून शब्द वेगळा ठरत नाही. कुळाचा रकाना फक्त कोणता प्रश्न विचारायचा ते सांगतो. एका कुळातल्या दोन भाषा असतील तर विचारा, शब्द पूर्वजांकडून आला का? कुळं वेगळी असतील तर वारशाचा प्रश्नच मिटतो. मग उसनवारी, आवाजाची नक्कल, बाळबोली किंवा निव्वळ योगायोग एवढेच पर्याय उरतात.

चौथी पायरी: आवाजाची नक्कल आणि बाळबोली आधी बाजूला काढा

पक्ष्यांची नावं सर्वांत सोपी. कावळा ‘का का’ ओरडतो म्हणून संस्कृतात काक आणि तमिळमध्ये काक्का. माओरी पोपटही कर्कश ओरडतो. संस्कृत बोलणाऱ्याने आणि माओरी माणसाने हे एकमेकांना विचारून ठरवलेलं नाही, दोघांनी आपापल्या पक्ष्याचं ऐकलं. अशा शब्दांवरून भाषांचं नातं सिद्ध करायला जाऊ नका.

बाळबोलीचं प्रकरण जास्त खोल आहे, आणि मला त्यातच सर्वांत जास्त रस आहे. बाळाच्या तोंडून आधी निघतात ते ओठांचे आणि जिभेचे सोपे आवाज: मा, बा, पा, दा, ता, ना, का. बाळ तेच दोनदा म्हणतं. मोठी माणसं त्यात आपला अर्थ भरतात आणि जवळच्या माणसाला ते नाव देतात. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतले आई-वडिलांसाठीचे हजाराहून अधिक शब्द गोळा केले. त्या सामग्रीवरून भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६०च्या सुमारास दाखवलं की हे साम्य भाषांच्या नात्यातून येत नाही. ते बाळाच्या तोंडाच्या ठेवणीतून आणि दूध पिण्याच्या अनुभवातून येतं.

आवाज तोच असला तरी तो कुणाच्या वाट्याला जाईल याचा नेम नाही. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. जपानीत आईला ‘हाहा’ म्हणतात, आणि त्या ‘हा’चा जुना उच्चार ‘पा’ होता. म्हणजे प्राचीन जपानी आई ‘पापा’ होती! आपल्याकडे आईचा भाऊ तो मामा. म्हणून कुणी ‘मामा’ शब्दावरून दोन संस्कृती जोडायला लागला की आधी जॉर्जिया आठवा.

इथे तिसरा रकाना कामी येतो. काका एकीकडे वडीलधारा आणि दुसरीकडे पोर, हे कसं? आपल्याच घरात ऐका. आई मुलाला म्हणते, “जेव रे बाबा!” बाबा तर वडील, पण ती म्हणतेय मुलाला. बंगाली घरांतही मुलाला लाडाने ‘बाबा’ म्हणतात. लाडाची हाक उलटसुलट फिरते. ज्याने मारायची आणि ज्याला मारायची ते दोघंही तिचे धनी होतात. पंजाबी ‘काका’ आणि मराठी ‘काका’ यांतलं अंतर अशा एका उलट्या हाकेएवढंच असू शकतं.

शीसाठीचा शब्दही याच घरचा. लॅटिनमध्ये ‘काकारे’, रशियनमध्ये ‘काकात्’, हंगेरियनमध्ये ‘काका’, फिनिशमध्ये तो पाळणाघरातला शब्द. मराठीत या कामाला ‘शी’ आहे, म्हणून आपला काका निर्धास्त राहिला. फुटबॉलपटू काकाचं नावही बाळबोलीतूनच आलं. त्याचं खरं नाव रिकार्डो. धाकट्या भावाला ते म्हणता येईना, म्हणून तो ‘काका’ म्हणायचा. २००७ साली बॅलन डी’ओर हा फुटबॉलचा मोठा पुरस्कार त्याने याच नावावर घेतला.

पाचवी पायरी: ध्वनींचे नियम लावून पाहा

ही पायरी थोडी कष्टाची आहे, पण एकदा जमली की फॉरवर्डमधल्या अर्ध्या व्युत्पत्ती तुम्ही जागच्या जागी तपासू शकाल.

‘काका हा संस्कृत काक शब्दावरून आला, कारण कावळा पितरांशी जोडलेला आहे’ असं स्पष्टीकरण मी अनेकदा वाचलं आहे. ऐकायला ते सुंदर आहे. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत उभं राहिलेल्या कुणालाही ते मनाला भिडेल. पण नियम काय सांगतो? संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत येताना दोन स्वरांमधला एकटा ‘क’ गळून पडतो. कुंभकारचा कुंभार झाला, लोहकारचा लोहार, सुवर्णकारचा सोनार, चर्मकारचा चांभार. चारही ठिकाणी ‘कार’मधला ‘क’ गेला. कावळ्यातही पाहा: सुरुवातीचा ‘का’ राहिला, पण काकमधला दुसरा ‘क’ जाऊन तिथे ‘व’ आला. संस्कृत काकचा खरा वारस मराठीत असा दिसतो. वाडवडिलांपासून चालत आलेल्या ‘काका’मध्ये दुसरा ‘क’ टिकला नसता.

मग ‘क’ टिकतो केव्हा? मुळात जोडाक्षर असेल तेव्हा. चक्र, चक्क, चाक. शुष्क, सुक्क, सुका. मर्कट, मक्कड, माकड. कर्कटी, कक्कडी, काकडी. दुहेरी ‘क’ एकेरी होतो आणि बहुतेकदा आधीचा स्वर लांबतो. म्हणजे ‘काका’ जुना असेलच तर त्यात पूर्वी दुहेरी ‘क’ असायला हवा. किंवा तो नंतर आला असेल. किंवा प्रत्येक पिढीतल्या बाळाने नव्याने घडवला असेल, कारण बाळबोलीचे शब्द या नियमांच्या तावडीतून सुटतात. मराठीत या नात्यासाठी ‘चुलता’ हा वेगळा शब्द आहेच, आणि संस्कृत कोशांत त्याच्या जवळचा ‘क्षुल्लतात’, म्हणजे धाकटा बाप, सापडतो.

आता स्वीडिश केक. मराठी आणि स्वीडिश एकाच मोठ्या कुळातल्या, तेव्हा ‘काका’ एकच असेल का? याकोब ग्रिम यांनी १८२२ साली जर्मानिक भाषांतल्या, म्हणजे स्वीडिश, इंग्रजी, जर्मन यांच्या शाखेतल्या, व्यंजनबदलांचे नियम मांडले. त्यांतला एक असा की मूळच्या ‘ग’चा या भाषांत ‘क’ झाला. म्हणून आपली गो, गाय ती स्वीडिशमध्ये ‘कू’, आणि संस्कृत जानु, म्हणजे गुडघा, तो ‘क्ने’. स्वीडिश ‘क’ला आपल्याकडे ‘ग’ किंवा ‘ज’ शोधायचा असतो. दोन्हीकडे ‘क’ असणं हाच परकेपणाचा पुरावा ठरतो.

गंमत पुढे आहे. जुन्या नॉर्स, म्हणजे स्वीडिशच्या पूर्वज भाषेतला ‘काका’ इंग्रजीत शिरून ‘केक’ झाला, आणि इंग्रजीतून तो आपल्या बेकरीत आला. स्वीडिशमधून तोच फिनिशमध्ये जाऊन ‘काक्कू’ झाला. म्हणजे स्वीडिश ‘काका’चा सख्खा नातलग मराठीत आहेच: वाढदिवसाला कापतो तो केक. हुबेहूब दिसणारा काका मात्र त्याचा कुणीच लागत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने या विषयाची गोडी लागली.

सहावी पायरी: उसना शब्द असेल तर वाट दाखवा

‘हा शब्द तिकडून आला’ असं म्हणणाऱ्याने कोण, कधी, कशासाठी गेलं-आलं ते सांगायला हवं. दोन खुणा शोधा.

पहिली खूण म्हणजे सोबत आलेले शब्द. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’ आणि दुकानाला ‘दुका’ म्हणतात. हिंदी महासागरावरचा व्यापार शतकानुशतकांचा, वस्तू आणि त्यांची नावं मिळून गेली, म्हणून ही उसनवारी पटते. पण स्वाहिली ‘काका’ला हेच लावू नका. तिथे ‘काका’ भाऊ, ‘दादा’ बहीण, ‘बाबा’ वडील. नावं आपली वाटतात, पण ‘बाबा’ सोडला तर नाती वेगळी निघतात. उसना घेतलेला शब्द सहसा इतका गोंधळ करत नाही. उलट धारवाड-बेळगाव भागात कन्नड घरांतही ‘काका’ आणि ‘काकू’ ऐकू येतात. ‘काकू’ हे रूप खास मराठीचं आहे, गुजरातीत आणि हिंदीत ‘काकी’ असते. जोडीने शब्द गेला, शेजारही लागून आहे, तेव्हा वाट स्पष्ट आहे.

दुसरी खूण म्हणजे वस्तूचं घर. ‘काकाकुवा’ हा तुरेवाला पोपट मराठी पुस्तकांत भेटतो. नावात काका ऐकू येतो आणि कौवाही. पण हा पक्षी ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटं आणि फिलिपिन्स इथला. भारतात तो रानात नाही, मग त्याचं नाव इथे कसं जन्मेल? मूळ शब्द मलय ‘काकातुआ’. पोर्तुगीज आणि डच जहाजांनी तो जगभर नेला, इंग्रजीत त्याचा ‘कॉकटू’ झाला. मलय बोलणारेही त्या शब्दात ‘काकाक्’ म्हणजे थोरलं भावंड आणि ‘तुआ’ म्हणजे म्हातारं असं ऐकतात. परक्या किंवा जुन्या नावात ओळखीचे तुकडे शोधायची सवय सगळीकडेच आहे. तिला पुरावा समजू नका.

मराठी ‘काका’साठी फारसीची वाट उघडी दिसते. दख्खनमध्ये फारसी शतकानुशतकं दरबारी भाषा होती आणि अफगाणी फारसीतला अर्थ आपल्यासारखाच आहे. पण अशी वाट असणं वेगळं आणि शब्द त्याच वाटेने आला हे दाखवणं वेगळं. दुसरी दावेदार घरचीच बाळबोली. आणि फारसी ‘काका’चा बांधाही बाळबोलीचाच आहे. माझ्या वहीत या ओळीसमोर दोन्ही नावं लिहिलेली आहेत आणि संस्कृत काक खोडलेला आहे.

सातवी पायरी: उरलेलं काकतालीय न्यायाला द्या

कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडली. योगायोगाला आपल्याकडे हे जुनं नाव आहे, आणि त्यातही काक आहे. भाषांत आवाज मोजके, शब्द हजारो, तेव्हा दोन अक्षरांचे शब्द जुळणारच. फारसी ‘बद’ (आपल्या बदनाम, बदमाशमधला) आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थही एक, आवाजही एक, कूळही एक, तरी दोन्हींची जुनी रूपं वेगळी आहेत आणि नातं काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबरम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. तो इंग्रजीतून आलेला नाही. शेजारच्या भाषांत त्याची ‘गुडगा’सारखी लांब रूपं सापडतात आणि ती झिजत झिजत हा शब्द झाला. अर्थ आणि आवाज दोन्ही जुळले तरी जुनं रूप पाहिल्याशिवाय हुरळून जायचं नाही.

जुनं रूप कुठे पाहायचं

मराठीसाठी सुरुवात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीपासून करा. बोलीतले बारीक अर्थ तिथे मिळतात. मग १९३२ ते १९३८ या काळात निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा मराठी व्युत्पत्ति कोश. चक्र ते चाक अशा साखळ्या शोधायला टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तुलनात्मक कोश. मोल्सवर्थ, दाते आणि टर्नर हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे कंसात मूळ भाषेची खूण असते. ती दीडशे वर्षांपूर्वीच्या माहितीवर दिलेली आहे, म्हणून ती एका कोशावर सोडू नका. निदान दोन कोशांत जुळली तरच रकान्यात भरा.

आणि बोलणाऱ्या माणसाला विचारा. “या शब्दाचा अर्थ काय?” असं विचारू नका, “तुम्ही हे कुणाला म्हणता?” असं विचारा. मापिळ्ळांच्या ‘काक्का’ची नोंद मला अशीच, मंगलोरहून येणाऱ्या गाडीत समोर बसलेल्या आजोबांकडून मिळाली. ते आपल्या थोरल्या भावाला फोनवर हाक मारत होते. मी खिडकीबाहेर कावळा शोधत होतो.

सरावाला ‘दादा’ घ्या. मराठीत आणि बंगालीत थोरला भाऊ, हिंदीत आजोबा, स्वाहिलीत बहीण, शेजारी ठेवायला तुर्कीतले आजोबा ‘देदे’ आणि जॉर्जियातली आई ‘देदा’. रकाने सहाच. पहिल्या दिवशी उच्चार आणि ‘कोण कुणाला म्हणतं’ एवढेच दोन भरा, बाकीचे कोरे राहू द्या.